कर्णनाद

कर्णनाद म्हणजे बाहेर कोणताही ध्वनी नसताना कानात किंवा डोक्यात आवाज ऐकू येणे. बोलीभाषेत याला ‘कान वाजणे’ किंवा ‘कानात आवाज येणे’ असे म्हणतात. वैद्यकात ‘टिनिटस’ ही संज्ञा रूढ आहे. हा आवाज शिट्टीसारखा, रातकिड्यांच्या किरकिरीसारखा, वाफ सुटल्यासारखा, भुंग्याच्या गुणगुणण्यासारखा किंवा समुद्राच्या गाजेसारखा असू शकतो. तो एका कानात, दोन्ही कानांत किंवा डोक्याच्या मध्यभागी जाणवतो. काहींना तो सतत ऐकू येतो, तर काहींना अधूनमधून. कर्णनाद हा स्वतंत्र रोग नसून एक लक्षण आहे.

२०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्यानुसार सुमारे १४ टक्के प्रौढांना कर्णनादाचा अनुभव येतो, तर सुमारे २ टक्के प्रौढांना तो तीव्र स्वरूपात जाणवतो. म्हणजे आवाज ऐकू येणाऱ्या बहुसंख्य लोकांचे जीवन त्यामुळे विस्कळीत होत नाही. दीर्घकालीन कर्णनाद हमखास नाहीसा करणारे औषध अद्याप उपलब्ध नाही. मात्र त्यामुळे होणारा त्रास कमी करण्याचे उपाय उपलब्ध आहेत आणि आधुनिक उपचारांचा भर प्रामुख्याने त्यांवरच आहे.

## नाव

‘टिनिटस’ हा शब्द ‘किणकिणणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला आहे. ‘कर्णनाद’ हा शब्द संस्कृत वैद्यक ग्रंथांतील आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे २८ रोग सांगितले असून त्यांत कर्णनाद आणि कर्णक्ष्वेड यांचा वेगवेगळा निर्देश आहे. भेरी, मृदंग, शंख अशा वाद्यांसारखे विविध आवाज ऐकू येणे म्हणजे कर्णनाद, तर बासरीसारखा आवाज ऐकू येणे म्हणजे कर्णक्ष्वेड, असा भेद तेथे केलेला आढळतो.

## प्रकार

कर्णनादाचे दोन मुख्य प्रकार मानले जातात.

* व्यक्तिनिष्ठ कर्णनाद : हा आवाज फक्त त्या व्यक्तीलाच ऐकू येतो. बहुतांश रुग्ण या प्रकारात मोडतात.
* वस्तुनिष्ठ कर्णनाद : हा दुर्मीळ प्रकार आहे. रक्तवाहिन्यांतील प्रवाहामुळे किंवा मध्यकर्णातील आणि टाळूच्या स्नायूंच्या आकुंचनामुळे शरीरात प्रत्यक्ष ध्वनी निर्माण होतो. तपासणाऱ्या डॉक्टरांनाही तो कधीकधी ऐकू येतो.

नाडीच्या ठोक्यांबरोबर येणाऱ्या आवाजाला स्पंदनशील कर्णनाद म्हणतात. जबडा किंवा मान हलवल्यावर आवाजाची पट्टी किंवा तीव्रता बदलत असेल, तर त्याला कायिक कर्णनाद असे म्हटले जाते. आवाज सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ टिकल्यास तो दीर्घकालीन समजण्याची पद्धत आहे. बाहेर नसलेले बोलणे किंवा शब्द ऐकू येणे हा कर्णनाद नसून श्रवणभ्रम होय आणि त्याची तपासणी वेगळ्या पद्धतीने होते.

## कारणे

कर्णनादाचा सर्वाधिक संबंध श्रवणशक्ती कमी होण्याशी आहे. वाढत्या वयाबरोबर येणारा बहिरेपणा आणि मोठ्या आवाजामुळे होणारी आंतरकर्णाची हानी ही त्याची प्रमुख कारणे आहेत. याशिवाय पुढील कारणे आढळतात :

* कानात साचलेला मळ, कानाचा पडदा फाटणे, मध्यकर्णाचा संसर्ग
* मध्यकर्णातील रिकिबीच्या हाडाची हालचाल मंदावणारा ओटोस्क्लेरोसिस हा विकार
* चक्कर, कमी ऐकू येणे आणि कानात दडा बसणे यांसह उद्भवणारा मेनियरचा विकार
* श्रवण आणि संतुलनाच्या चेतेवरील गाठ
* डोक्याला किंवा मानेला झालेली इजा, जबड्याच्या सांध्याचे विकार
* काही औषधे : मोठ्या मात्रेतील ॲस्पिरिन, क्विनाइन, कर्करोगावरील सिस्प्लॅटिन, तसेच स्ट्रेप्टोमायसिन, कॅनामायसिन आणि ॲमिकासिन यांसारखी प्रतिजैविके

यांपैकी एखादे औषध सुरू असताना कानात आवाज येऊ लागल्यास ते परस्पर बंद करणे धोक्याचे ठरू शकते. अशा वेळी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना त्वरित कळवणे आवश्यक असते.

अनेक रुग्णांमध्ये नेमके कारण सापडत नाही. नेहमीच्या श्रवणचाचणीत दोष न दिसणाऱ्या व्यक्तींनाही कर्णनाद होऊ शकतो. आंतरकर्णातील केसपेशी शाबूत असूनही त्यांना चेतातंतूंशी जोडणारे दुवे निकामी झालेले असू शकतात, हे २००९ नंतरच्या संशोधनातून पुढे आले आहे.

## आवाज कसा निर्माण होतो

आंतरकर्णातील शंखाकृती नलिकेत सूक्ष्म केसपेशी असतात. ध्वनीच्या कंपनांचे विद्युत संदेशांत रूपांतर करण्याचे काम त्या करतात. त्या नष्ट झाल्या की मानवी शरीरात पुन्हा तयार होत नाहीत. एखाद्या पट्टीतील केसपेशी निकामी झाल्या, की त्या पट्टीचे संदेश मेंदूकडे जाणे कमी होते. ही उणीव भरून काढण्यासाठी मेंदूतील श्रवणमार्ग आपली संवेदनक्षमता वाढवतो. रेडिओवर केंद्र नीट लागत नसताना आवाजाची कळ वाढवली, तर खरखरही वाढते. त्याचप्रमाणे चेतापेशींची उत्स्फूर्त सक्रियता ध्वनी म्हणून जाणवू लागते, असे सध्याचे प्रमुख मत आहे.

या मताला एका जुन्या अनुभवाचा आधार मिळतो. श्रवणचेता शस्त्रक्रियेने कापल्यानंतरही अनेक रुग्णांचा कर्णनाद कायम राहिला. यावरून, सुरुवात कानात झाली तरी आवाज टिकवून धरण्यात मेंदूचा वाटा असतो, हे स्पष्ट झाले. अवयव कापल्यानंतरही त्या जागी वेदना जाणवण्याशी याची तुलना केली जाते.

१९५३ मध्ये हेलर आणि बर्गमन या अमेरिकी संशोधकांनी चांगली श्रवणशक्ती असलेल्या ८० व्यक्तींना एकेक करून ध्वनिरोधक खोलीत बसवले आणि काय ऐकू येते ते सांगण्यास सांगितले. सुमारे ९४ टक्के व्यक्तींनी कोणता ना कोणता आवाज ऐकू आल्याचे नोंदवले. अंतर्गत आवाजाची शक्यता जवळजवळ प्रत्येकात असते आणि पूर्ण शांततेत तो जाणवू शकतो, असा या प्रयोगाचा अर्थ लावला जातो.

## आवाज आणि त्रास

कर्णनादाची तीव्रता मोजण्यासाठी रुग्णाला बाहेरून ध्वनी ऐकवून तो त्याच्या आवाजाशी जुळवला जातो. असे मापन केल्यावर बहुतेकांचा आवाज त्या पट्टीतील श्रवणसीमेच्या केवळ ५ ते १० डेसिबलच वर असल्याचे आढळते. शिवाय मोजलेली तीव्रता आणि रुग्णाला होणारा त्रास यांचा संबंध क्षीण असतो. जवळपास सारखाच आवाज असलेल्या दोन व्यक्तींपैकी एक शांत झोपते, तर दुसरीची झोप, एकाग्रता आणि मनःस्वास्थ्य बिघडते.

या फरकाचे स्पष्टीकरण देणारे दोन सिद्धान्त महत्त्वाचे मानले जातात. १९८४ मध्ये हॅलम, रॅचमन आणि हिंचक्लिफ यांनी असे मांडले, की कर्णनादाला सरावणे हीच मेंदूची स्वाभाविक प्रवृत्ती असून भीती आणि ताण यांमुळे ती प्रक्रिया अडते. १९९० मध्ये पावेल यास्त्रेबॉफ यांनी चेताशारीरिक प्रतिमान मांडले. त्यानुसार श्रवणमार्गाबरोबरच भावनांशी निगडित लिंबिक प्रणाली आणि शरीराला सावध करणारी स्वायत्त चेतासंस्था यांचा त्रासात मोठा वाटा असतो.

आवाज प्रथम जाणवल्यावर ‘मेंदूत गाठ तर नाही ना’, ‘मी ठार बहिरा होईन का’, ‘हे असेच आयुष्यभर चालणार का’ असे प्रश्न मनात येतात. मेंदू त्या आवाजाची नोंद धोका म्हणून करतो. धोक्याकडे लक्ष वेधले जाणे स्वाभाविक असल्याने व्यक्ती आवाजाचा कानोसा घेत राहते. त्यामुळे आवाज अधिक ठळक वाटतो, झोप उडते आणि थकव्यामुळे सहनशक्ती आणखी घटते. हे दुष्टचक्र तोडणे हा उपचारांचा मुख्य हेतू असतो.

## सरावण्याची प्रक्रिया

रेल्वेमार्गालगत राहणाऱ्यांना काही काळाने गाड्यांचा आवाज जाणवेनासा होतो. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक चालू असूनही ऐकू येत नाही. निरर्थक आणि निरुपद्रवी ठरलेल्या संवेदनेकडे मेंदू दुर्लक्ष करतो. कर्णनादाच्या बाबतीत ही प्रक्रिया दोन पातळ्यांवर घडते. पहिल्या पातळीवर आवाज ऐकू येतो, परंतु त्याने चीड किंवा भीती निर्माण होत नाही. दुसऱ्या पातळीवर दिवसाचा बराच काळ त्याची जाणीवच राहत नाही आणि मुद्दाम लक्ष दिल्यावरच तो ऐकू येतो.

ही प्रक्रिया सरळ रेषेत होत नाही. तिला काही महिने ते दीड-दोन वर्षे लागू शकतात आणि मध्येच ताण, आजारपण किंवा जागरण यांमुळे आवाज पुन्हा वाढल्यासारखा वाटतो. असे चढउतार म्हणजे आधीची प्रगती वाया गेली असे नव्हे. ‘आवाज थांबला का’ हे वारंवार तपासल्यास लक्ष पुन्हा तिकडेच वळते. म्हणून वाचन, झोप, कामकाज आणि भेटीगाठी किती सुरळीत होत आहेत, यावरून प्रगती जोखणे अधिक उपयुक्त ठरते.

रुग्णांना अनेकदा ‘यावर उपाय नाही, सवय करून घ्या’ एवढेच सांगितले जाते. यातील सवय होण्याचा भाग खरा असला, तरी ती कशी करावी याचे मार्गदर्शन न मिळाल्यास हा सल्ला निराशाजनक ठरतो. नकारात्मक समुपदेशनाने कर्णनादाचा त्रास वाढू शकतो, याकडे तज्ज्ञांनी लक्ष वेधले आहे.

## तपासणी

कान-नाक-घसा तज्ज्ञ कानाची तपासणी करून मळ, संसर्ग किंवा पडद्याचा दोष आहे का ते पाहतात. श्रवणतज्ज्ञ श्रवणचाचणी घेतात. त्रासाचे मोजमाप करण्यासाठी प्रश्नावल्या वापरतात. त्यांपैकी १९९६ मध्ये तयार झालेल्या ‘टिनिटस हँडिकॅप इन्व्हेंटरी’ या प्रश्नावलीत २५ प्रश्न असून तिचे गुण ० ते १०० या दरम्यान असतात. प्रत्येक रुग्णाला स्कॅनची आवश्यकता नसते.

पुढील लक्षणे असल्यास तपासणी लांबणीवर टाकू नये :

* अचानक, म्हणजे काही तासांत किंवा तीन दिवसांच्या आत, एका कानाने कमी ऐकू येऊ लागणे. यात उपचार लवकर सुरू होणे महत्त्वाचे असल्याने ही तातडीची स्थिती मानतात.
* नाडीच्या ठोक्यांबरोबर येणारा आवाज
* केवळ एकाच कानात टिकून राहिलेला आवाज किंवा दोन्ही कानांच्या श्रवणशक्तीत फरक
* आवाजासह तीव्र चक्कर, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणे किंवा अन्य चेतासंस्थेची लक्षणे
* डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झालेला आवाज
* तीव्र नैराश्य किंवा आत्महत्येचे विचार. अशा वेळी मानसोपचार तज्ज्ञांची मदत तत्काळ घ्यावी. भारतात ‘टेली-मानस’ ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

## उपचार आणि व्यवस्थापन

मूळ कारण उपचारयोग्य असल्यास प्रथम त्यावर उपचार करतात. मळ काढल्यावर किंवा संसर्ग बरा झाल्यावर आवाज थांबू शकतो. अन्य रुग्णांसाठी पुढील मार्ग वापरले जातात.

### माहिती आणि समुपदेशन

आवाज का येतो, तो सहसा धोकादायक का नसतो आणि मेंदू त्याला कसा सरावतो, हे समजल्यावर भीती कमी होते. गंभीर कारण नसल्याची तपासणीअंती मिळालेली खात्री हा उपचारांचा पाया मानला जातो.

### श्रवणयंत्र

कमी ऐकू येत असल्यास श्रवणयंत्रामुळे बाहेरचे ध्वनी पुन्हा मेंदूपर्यंत पोहोचतात, संभाषणासाठी करावा लागणारा ताण कमी होतो आणि कर्णनाद मागे पडतो. तीव्र बहिरेपणात केलेल्या कॉक्लियर इम्प्लांटनंतरही अनेकांचा कर्णनाद कमी झाल्याचे आढळले आहे.

### ध्वनीचा उपयोग

शांततेत कर्णनाद ठळक होतो. म्हणून पंख्याचा, पावसाचा किंवा वाहत्या पाण्याचा आवाज, मंद संगीत अशा पार्श्वध्वनींचा उपयोग केला जातो. कर्णनाद पूर्णपणे दडपून टाकण्यापेक्षा बाहेरचा ध्वनी त्याहून किंचित मंद ठेवावा, असे यास्त्रेबॉफ यांच्या पद्धतीत सुचवले जाते, कारण ऐकूच न येणाऱ्या आवाजाला मेंदू सरावू शकत नाही. केवळ ध्वनीच्या वापराने कर्णनाद बरा होतो याचा भक्कम पुरावा नाही. तथापि अनेकांना त्यामुळे तात्पुरता आराम मिळतो.

### बोधात्मक वर्तनोपचार

‘सीबीटी’ या नावाने परिचित असलेल्या या मानसोपचाराचा पुरावा इतर पद्धतींच्या तुलनेत अधिक भक्कम आहे. कोक्रेन संस्थेच्या २०२० मधील आढाव्यात २८ अभ्यास आणि २,७३३ व्यक्तींचा समावेश होता. या उपचाराने कर्णनादाचा जीवनमानावरील दुष्परिणाम कमी होऊ शकतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. यात ‘या आवाजाने माझे आयुष्य संपले’ यांसारख्या विचारांची शहानिशा केली जाते आणि टाळलेल्या गोष्टी टप्प्याटप्प्याने पुन्हा सुरू केल्या जातात. शिथिलीकरण आणि झोपेच्या सवयींवरही काम होते. मानसोपचार सुचवला म्हणजे आवाज काल्पनिक आहे, असा अर्थ होत नाही.

### पुनर्प्रशिक्षण उपचार

यास्त्रेबॉफ यांच्या प्रतिमानावर आधारित या पद्धतीत समुपदेशन आणि मंद ध्वनी यांचा एकत्रित वापर होतो. अमेरिकी लष्करी रुग्णालयांत झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ही पद्धत आणि चांगली सर्वसाधारण शुश्रूषा यांत लक्षणीय फरक आढळला नाही, परंतु सर्वच गटांतील रुग्णांचा त्रास कमी झाला.

### औषधे आणि उपकरणे

कर्णनादासाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कोणत्याही औषधाला मान्यता दिलेली नाही. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत केवळ कर्णनादासाठी नैराश्यरोधके, अपस्मारावरील औषधे, जिंको बायलोबा, मेलाटोनिन किंवा जस्त यांची शिफारस करू नये, असे म्हटले आहे. सोबत नैराश्य किंवा चिंताविकार असल्यास त्यावरील औषधोपचार मात्र उपयुक्त ठरतात. ध्वनी आणि जिभेवरील सौम्य विद्युत उत्तेजन एकत्र वापरणाऱ्या ‘लेनायर’ या उपकरणाला अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली.

## दैनंदिन जीवन

झोप : रात्रीच्या शांततेत त्रास सर्वाधिक जाणवतो. झोपण्या-उठण्याची वेळ ठरलेली असणे, झोप येत नसल्यास अंथरुणात तळमळत न पडता थोडा वेळ उठून बसणे आणि खोलीत मंद पार्श्वध्वनी ठेवणे, हे उपाय सुचवले जातात.

कानांचे संरक्षण : मोठ्या आवाजात कान झाकणे आवश्यक असते. मात्र आवाज वाढेल या भीतीने घरात किंवा रस्त्यावर सतत कानात बोळे घालणे अपायकारक ठरते. त्यामुळे साध्या आवाजांचीही असह्यता वाढू शकते.

आहार : चहा-कॉफी सोडल्याने कर्णनाद कमी होतो, असा सर्वसाधारण पुरावा नाही. एखाद्या पदार्थाने आपला आवाज नक्की वाढतो असे आढळल्यासच तो टाळणे पुरेसे असते. झोपेच्या आधी उत्तेजक पेये टाळणे झोपेसाठी हितावह असते.

कुटुंब आणि काम : आवाज इतरांना ऐकू येत नसल्याने त्रासाची कल्पना घरच्यांना येत नाही आणि रुग्ण एकाकी पडतो. तपासणीच्या किंवा समुपदेशनाच्या वेळी घरातील एखादी व्यक्ती सोबत असल्यास गैरसमज टळतात. काम, छंद आणि भेटीगाठी आवाज थांबण्याची वाट न पाहता सुरू ठेवल्यास लक्ष इतरत्र गुंतते. त्यामुळे सरावण्याच्या प्रक्रियेला गती मिळते.

## प्रतिबंध

मोठ्या आवाजापासून संरक्षण हा कर्णनाद टाळण्याचा सर्वांत प्रभावी मार्ग आहे. हेडफोनसारख्या साधनांवरून ऐकताना सरासरी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. आवाज ३ डेसिबलने वाढला, की सुरक्षित कालावधी निम्मा होतो.

भारतातील ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, तर शांतता क्षेत्रात अनुक्रमे ५० आणि ४० डेसिबल इतकी मर्यादा आहे. रात्रीचा काळ १० ते सकाळी ६ असा धरला जातो. कारखान्यांत आठ तासांसाठी ९० डेसिबल ही मर्यादा आहे. इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव येथील यंत्रमाग कामगार, ढोल-ताशा पथकांतील वादक, ध्वनिक्षेपकांच्या भिंतींजवळ काम करणारे आणि मिरवणुकीच्या बंदोबस्तावरील पोलीस यांना मोठ्या आवाजाला दीर्घकाळ सामोरे जावे लागते. कानात घालायचे रबरी किंवा फोमचे बोळे, वाद्यांपासून अंतर आणि मधूनमधून विश्रांती यांमुळे धोका कमी होतो. साधा कापूस आवाज फारसा अडवत नाही. मिरवणुकीनंतर काही तास कान वाजणे किंवा दडे बसणे ही आंतरकर्णावर ताण पडल्याची खूण असते.

मुंबईतील वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय वाक्‌ व श्रवण दिव्यांगजन संस्था आणि म्हैसूर येथील अखिल भारतीय वाक्‌ श्रवण संस्था या श्रवणविषयक तपासणी व प्रशिक्षण देणाऱ्या प्रमुख शासकीय संस्था आहेत.

## इतिहास आणि संस्कृती

जर्मन संगीतकार लुडविग व्हान बेथोव्हेन यांनी १८०१ मध्ये आपले डॉक्टर मित्र फ्रान्झ वेगेलर यांना लिहिलेल्या पत्रात आपले कान रात्रंदिवस वाजत असल्याचे नमूद केले होते. वाढत्या बहिरेपणामुळे ते लोकांत मिसळणे टाळत असत. तरीही त्यांच्या बहुतेक श्रेष्ठ रचना त्यानंतरच्या काळातील आहेत.

झेक संगीतकार बेद्रिख स्मेताना यांची श्रवणशक्ती १८७४ मध्ये पूर्णपणे गेली. १८७६ मध्ये त्यांनी ‘माझ्या जीवनातून’ या आशयाच्या शीर्षकाची तंतुवाद्य-चौकडी रचली. तिच्या अखेरच्या भागात उल्हसित संगीत एकाएकी थांबते आणि व्हायोलिनवर एक अतिशय उंच स्वर दीर्घकाळ वाजत राहतो. बहिरेपणाच्या सुरुवातीला कानात उमटलेल्या आवाजाचे ते चित्रण असल्याचे स्मेताना यांनीच सांगितले होते. बहिरेपण आल्यानंतरही त्यांनी जवळजवळ दहा वर्षे संगीतरचना चालू ठेवली.